मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, विमानाला वेळ किती, आणि देवपूरपासून धरलं तर किती?

देवपूर (धुळे) : पोरगा रात्री दोनच्या विमानाने मुंबईहून निघाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्याचा फोन आला, "आबा, उतरलो. इथं सकाळचे साडेसात वाजलेत." घरात हिशोब काही जुळेना. रात्री दोन ते सकाळी साडेसात म्हणजे साडेपाच तास. मग मधले दहा-साडेदहा तास गेले कुठं?

खान्देशात आता असं घर शोधावं लागत नाही. धुळे, शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर, चोपडा, रावेर, यावल, सगळीकडची पोरं इंजिनिअरिंग करून पुणे-मुंबईला गेली आणि तिथून पुढं अमेरिकेला. मागे राहिलेल्या आई-वडिलांना प्रश्न एकच पडतो, तो पल्ला नेमका किती? आनंदाचं काम असो की दुःखाचं, माणूस निघाला तर पोचायला किती वेळ लागतो? त्याची ही सविस्तर माहिती. मोबाईलमध्ये जपून ठेवावी, कामाला येईल.

थोडक्यात उत्तर

- मुंबई ते न्यूयॉर्क (जॉन एफ. केनेडी विमानतळ) सरळ हवाई अंतर : सुमारे १२,५३० किलोमीटर
- जाताना विनाथांबा विमानाचा वेळ : साधारण साडेपंधरा ते साडेसोळा तास, वाट लांबली तर त्याहून जास्त
- येताना : साधारण चौदा ते पंधरा तास
- एक थांबा घेऊन : बहुतेक वेळा वीस ते सव्वीस तास
- घड्याळातला फरक : उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास. न्यूयॉर्क आपल्या मागे.
- देवपूरच्या घरापासून न्यूयॉर्कच्या घरापर्यंत : सगळं वेळेवर झालं तरी तीस तासांच्या आसपास

पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारा माणूस पृथ्वीला जवळपास एक तृतीयांश वळसा घालतो. विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास पळतं, मिनिटाला १५ किलोमीटर. त्या वेगाने देवपूर ते जळगाव हे अंतर सहा-सात मिनिटांत संपलं असतं. तरीही न्यूयॉर्कला पोचायला दिवसाचा दोन तृतीयांश भाग लागतो.

विमान सरळ का जात नाही?

भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. पण विमानातल्या समोरच्या पडद्यावर बघितलं तर विमान भलतंच वर, उत्तरेकडे चाललेलं दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, वाट चुकली की काय.

वाट चुकलेली नसते. नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल आहे. गोल वस्तूवर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट ही नकाशावर कमानीसारखी दिसते. खात्री करायची असेल तर गावातल्या शाळेत पृथ्वीचा गोल असतो, त्यावर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप वर सरकतो. तो पाकिस्तान-अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोजवळचा रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँडजवळचा समुद्र, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडाच्या बाजूने न्यूयॉर्कला उतरतो.

हिशोबाने बघायचं तर दोऱ्याची ही वाट १२,५३० किलोमीटरची आहे. नकाशावरच्या पट्टीच्या रेघेने गेलं तर तेच अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर होतं. म्हणजे सरळ दिसणारी वाट जवळपास १,७०० किलोमीटरने लांब पडते. दोन तासांचं डिझेल फुकट जाण्यासारखं.

विमानाच्या इंधनाचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. या लांब पल्ल्यावर वापरल्या जाणाऱ्या बोईंग ७७७-३००ईआर जातीच्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं. ट्रॅक्टरची टाकी ६० लिटरची धरली तर तीन हजार ट्रॅक्टर भरतील. त्यामुळे कंपनी एक-एक किलोमीटर वाचवायला बघते.

मग जायला जास्त आणि यायला कमी वेळ का?

अंतर तेच, विमान तेच, तरी जाता-येता तास-दोन तासांचा फरक पडतो. कारण वारा.

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, म्हणजे एकावर एक सहा-सात कळसूबाई ठेवल्यावर येईल एवढ्या उंचीवरून. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर, कधी त्याहूनही जास्त असतो. अमेरिकेला जाताना हे वारे तोंडावर येतात, परत येताना पाठीला लागतात. सायकलवर समोरचं वारं आलं की काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

साधं गणित असं. वारा नसताना १२,५३० भागिले ९०० म्हणजे जवळपास चौदा तास. समोरून सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा असला तर विमान जमिनीच्या हिशोबाने ८०० नेच पुढं सरकतं, आणि लागतात साडेपंधरा तासांच्या वर. यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं मिळवलं की सोळाचा आकडा येतो. हिवाळ्यात हे वारे जास्त जोरात असतात, म्हणून त्या दिवसांत जाणारं विमान आणखी उशिरा पोचू शकतं.

आकाशातली बंद फाटकं

दोऱ्याची वाट सर्वांत जवळची असली तरी विमानाला ती दरवेळी मिळत नाही. प्रत्येक देशाच्या डोक्यावरचं आकाश हे त्या देशाचं असतं. भांडण झालं की फाटक बंद.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती १६ जुलै २०१९ ला उघडली. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा बंदी घातली आणि ती मुदत महिन्या-महिन्याने वाढवत नेली. अशा वेळी भारतीय कंपनीचं विमान मुंबईहून आधी अरबी समुद्रावरून आखाताकडे वळतं आणि मग वर जातं. वळसा पडला की वेळ वाढतो, इंधन वाढतं, कधी मध्येच इंधनासाठी उतरावंही लागतं.

युक्रेन युद्धानंतर २०२२ पासून अमेरिका आणि युरोपच्या विमानांना रशियाची वाट बंद आहे. आखातात तणाव वाढला की तिकडचीही वाट बदलते. म्हणून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्याने सांगितलेला वेळ आज तसाच लागेल असं धरू नये. तिकिटावर छापलेला वेळ आणि निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपवर दिसणारा वेळ, हेच खरं.

आधी किती दिवस लागायचे?

८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून लंडनला निघालं. 'मलबार प्रिन्सेस' हे त्याचं नाव. ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला गेलं. पुढं १४ मे १९६० ला एअर इंडियाची बोईंग ७०७ विमानाची न्यूयॉर्क सेवा लंडनमार्गे सुरू झाली. न थांबता मुंबई ते न्यूयॉर्क जायला त्यानंतरही ४७ वर्षं वाट बघावी लागली. १ ऑगस्ट २००७ ला एअर इंडियाची ही विनाथांबा सेवा सुरू झाली. ती मध्ये काही वेळा बंद झाली, परत चालू झाली. त्यामुळे तिकीट काढताना त्या महिन्यात सरळ विमान आहे का, हे बघूनच पुढचं ठरवावं.

सोळा तास ऐकून कोणी घाबरलं तर सांगायला हरकत नाही की जगात याहून लांब विमानं आहेत. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे विमान सुमारे १५,३५० किलोमीटर न थांबता जातं आणि अठरा तासांच्या वर हवेत असतं.

थांबा घेतला तर अंतर किती वाढतं?

बऱ्याच जणांना वाटतं, दुबईवरून गेलं म्हणजे लांबचा वळसा. आकडे वेगळंच सांगतात.

- सरळ मुंबई–न्यूयॉर्क : १२,५३० किमी
- मुंबई–लंडन ७,२०० + लंडन–न्यूयॉर्क ५,५४० = १२,७४० किमी
- मुंबई–दिल्ली १,१४० + दिल्ली–न्यूयॉर्क ११,७६० = १२,९०० किमी
- मुंबई–दुबई १,९३० + दुबई–न्यूयॉर्क ११,०२० = १२,९५० किमी

सगळे आकडे अंदाजे आहेत, पण मुद्दा लक्षात येतो. थांब्यामुळे अंतर दोनशे ते सव्वाचारशे किलोमीटरच वाढतं. वेळ वाढतो तो मधल्या विमानतळावर बसून राहिल्याने. म्हणून स्वस्त तिकीट बघताना मधला थांबा किती तासांचा आहे ते आधी बघावं. दीड तासापेक्षा कमी असेल तर म्हाताऱ्या माणसाची पळापळ होते, दुसरं विमान चुकू शकतं. आठ-दहा तासांचा असेल तर बाकड्यावर रात्र काढावी लागते. अडीच ते चार तासांचा थांबा बरा.

दोन गोष्टी आणखी. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे एजंटला किंवा कंपनीला आधीच विचारावं. आणि विमान अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरात बदलायचं असेल, तर पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन होतं. तिथे साधारणपणे आपल्या बॅगा पट्ट्यावरून उचलून, कस्टम पार करून परत द्याव्या लागतात. बॅगा आपोआप पुढं जातील म्हणून बसून राहू नये.

देवपूर ते मुंबई विमानतळ : खरी परीक्षा इथेच

धुळ्याला गोंदूरला धावपट्टी आहे, देवपुरातून गोंदूर रोडने तिथे जाता येतं. पण तिथून प्रवाशांची नियमित विमानं उडत नाहीत. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २३ मार्च २०१२ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. 'उडान' योजनेत तिथून डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, बंद पडलं, परत सुरू झालं. २०२४ पासून तिथे गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी छोटी विमानं लागली. पण वेळापत्रक बदलत राहतं. अमेरिकेचं विमान धरायचं असेल तर एक धोका लक्षात घ्यावा. जळगाव–मुंबईचं तिकीट आणि मुंबई–न्यूयॉर्कचं तिकीट वेगवेगळं काढलं, आणि जळगावचं विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं, तर पुढची कंपनी थांबत नाही आणि पैसेही सहसा बुडतात. तसं करायचंच असेल तर एक दिवस आधी मुंबई गाठावी.

बहुतेक माणसं रस्त्यानेच जातात. धुळे ते मुंबई सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. मालेगाव, चांदवड, नाशिक, इगतपुरी हा नेहमीचा आग्रा रोड. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून इगतपुरीजवळ समृद्धीवर चढून भिवंडीजवळ आमण्याला उतरता येतं, कसारा घाट टळतो. पण भिवंडी-ठाण्याची गर्दी टळत नाही. रस्ता मोकळा असेल तर सहा-साडेसहा तास, नाहीतर आठ. रेल्वेने जाणारे चाळीसगाव किंवा जळगावहून मेन लाईनची गाडी धरतात. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर आहे. विमानतळासाठी दादरला उतरून टॅक्सी सोयीची पडते.

गाडीवाल्याला नुसतं "एअरपोर्ट" सांगू नये. मुंबईत आता तीन ठिकाणं आहेत. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचं टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला, तिथून देशातली विमानं जातात. टर्मिनल २ सहारच्या बाजूला, परदेशी विमानं तिथून. आणि तिसरं नवी मुंबईचं नवं विमानतळ. त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली. सहार आणि नवी मुंबई यांत शहराच्या गर्दीतला तास-दीड तासाचा फरक आहे. तिकिटावर विमानतळाचं आणि टर्मिनलचं नाव वाचूनच गाडी वळवावी.

परदेशी विमानासाठी तीन तास आधी दारात हजर राहावं. बहुतेक कंपन्यांचं बॅगा घेण्याचं काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं, अमेरिकेच्या विमानाचं त्याहूनही आधी बंद होऊ शकतं. काउंटर बंद झालं की विमान समोर उभं दिसत असलं तरी बसता येत नाही.

आता पूर्ण हिशोब मांडू. विमान मंगळवारी रात्री दोनचं, म्हणजे सोमवार संपल्यावर दोन तासांनी. (हीच चूक जास्त होते. तारीख मंगळवारची असते, पण घर सोमवारी सोडायचं असतं.) घरून निघायचं सोमवारी दुपारी दोनला. रस्ता सात तास, रात्री नऊ. दोन तास हाताशी राखीव, अकराला विमानतळात. दोनला उड्डाण, सोळा तास हवेत, आपल्या घड्याळाने मंगळवार संध्याकाळचे सहा. इमिग्रेशन आणि बॅगांना दोन तास, तिथून घर एक तास. एकूण ३१ तास.

न्यूयॉर्कची दोन विमानतळं

न्यूयॉर्कसाठीही नाव वाचावं. केनेडी विमानतळ न्यूयॉर्क शहराच्या पूर्व बाजूला आहे. दुसरं नेवार्क, ते नदीपलीकडे न्यू जर्सी राज्यात. मराठी माणसांची बरीच वस्ती न्यू जर्सीत एडिसन आणि आसपास आहे, त्यांना नेवार्क जवळ पडतं. केनेडीला उतरलात तर पूर्ण शहर ओलांडून न्यायला यावं लागतं, गर्दीत दोन तासही लागतात. तिकीट काढण्याआधी पोरांना विचारावं, कुठलं जवळ.

तिकडे किती वाजले? सोपी युक्ती

कॅल्क्युलेटर नको. आपलं घड्याळ बघा. सकाळ असेल तर आदल्या दिवसाची रात्र समजा, रात्र असेल तर त्याच दिवसाची सकाळ समजा. मग हिवाळ्यात दीड तास आणि उन्हाळ्यात अडीच तास पुढं मोजा.

आपल्याकडे सकाळी आठ. उलटं केलं तर आदल्या रात्रीचे आठ. हिवाळ्यात दीड तास पुढं, म्हणजे रात्रीचे साडेनऊ. उन्हाळ्यात साडेदहा. झालं.

हा हिवाळा-उन्हाळ्याचा फरक का? अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आपल्याकडे घड्याळ बदलत नाही. त्यामुळे त्या आठवड्यात पोराचा रोजचा फोन तासभर पुढं-मागे झाला तर काळजी करू नये.

सुरुवातीच्या साडेपाच तासांचं कोडंही इथेच सुटतं. विमान सोळा तासच उडालं. पण न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात साडेदहा तास मागे. सोळातून साडेदहा गेले, राहिले साडेपाच. परत येताना उलटं होतं. न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघालेलं विमान साडेचौदा तासांनी मुंबईत उतरतं तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचा दुपारचा एक वाजलेला असतो. घड्याळात पंचवीस तास दिसतात.

दुःखाचा निरोप गेला तर

हा विषय कोणी काढत नाही, पण वेळ आली की पहिला प्रश्न हाच असतो. घरात मयत झालं, पोरगा अमेरिकेत. थांबायचं की नाही? गल्लीतला एक म्हणतो "उद्या येईल", दुसरा म्हणतो "तीन दिवस लागतील". रडण्या-पडण्यात हिशोब कोण करणार? म्हणून तो इथे आधीच करून ठेवला आहे.

समजा हिवाळ्यात सोमवारी सकाळी आठला निरोप गेला. तिकडे रविवारी रात्रीचे साडेनऊ. तिकीट काढून रात्रीचं विमान सापडणं अवघड. समजा सोमवारी दुपारी बाराचं सरळ विमान मिळालं, म्हणजे आपल्याकडचे सोमवार रात्रीचे साडेदहा. मुंबईत मंगळवारी दुपारी एक. बाहेर पडायला अडीच. रस्ता सात तास. देवपूरला मंगळवारी रात्री साडेनऊ. निरोपापासून साडेसदतीस तास. हे सगळं बिनचूक झालं तर.

सरळ विमान नसेल, मधला थांबा असेल, तर बुधवार सकाळ-दुपार. पोरगा न्यूयॉर्कला नसून कॅलिफोर्नियात किंवा टेक्सासला असेल तर आणखी सहा-आठ तास धरावेत. म्हणजे थांबायचं ठरवलं तर दीड ते अडीच दिवसांची तयारी लागते, शीतपेटी किंवा रुग्णालयाचं शवागार लागतं. हे माहीत असलं की घरचे शांतपणे ठरवू शकतात.

ठरवण्याआधी पोराला तीन गोष्टी विचाराव्यात. तिकीट हातात आहे का, कितीचं विमान आहे, आणि कागद पूर्ण आहेत का. कागदाचा प्रश्न मोठा आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर भारतात यायला अडचण नाही, पण परत जायचा व्हिसा पासपोर्टवर चालू नसेल तर तो इकडे अडकू शकतो, नोकरीवर बेततं. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर ओसीआय कार्ड लागतं. ते नसेल तर भारताचा व्हिसा काढल्याशिवाय विमानात बसताच येत नाही. नातवंडं तिकडे जन्मलेली असतील तर त्यांचंही तसंच. ही कार्डं आणि व्हिसा सगळं नीट असतानाच पूर्ण करून ठेवायला सांगावं.

आणि येता आलं नाही तर त्या पोराला गावाने बोल लावू नये. बारा हजार किलोमीटरवर, रात्रीच्या वेळी, एकटा बसून तोही तेच रडत असतो. "आम्ही थांबतो" किंवा "आम्ही उरकतो, तू दहाव्याला ये" हे घरच्या मोठ्या माणसाने स्वतः फोन करून स्पष्ट सांगावं. अर्धवट निरोप देऊन त्याला विमानात तळमळत ठेवू नये. आजार गंभीर असेल तर तोही लपवू नये. "काळजी करू नको" म्हणत आठ दिवस काढले जातात आणि मग शेवटची भेट चुकते. सदतीस तासांचा पल्ला आहे, निरोप वेळेवर गेला तरच तो गाठता येतो.

पहिल्यांदा जाणाऱ्या आई-वडिलांसाठी

- इंग्रजी येत नसेल, गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागावी. तिचे वेगळे पैसे सहसा लागत नाहीत, आणि सोबतचा माणूस इमिग्रेशनपासून दारापर्यंत नेतो.
- बीपी, शुगरच्या गोळ्या आणि इन्शुलिन हातातल्या बॅगेत ठेवावं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. गोळ्यांच्या वेळा घड्याळ बदलल्यावर कशा धरायच्या ते डॉक्टरांना आधीच विचारावं.
- सोळा तास एका जागी बसू नये. पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. दोन तासांनी उठून चकरा माराव्यात, पाणी पीत राहावं.
- पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. मोठ्या बॅगेत चालत नाही.
- सुकं खोबरं बॅगेत भरू नये. त्यात तेल असतं, पेट घेण्याच्या भीतीने ते विमानात चालत नाही.
- लोणचं हातातल्या बॅगेत घेऊ नये, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. नीट बांधून मोठ्या बॅगेत टाकावं.
- केळी, भरताची वांगी, ताजी फळं-भाज्या, बी-बियाणं आणि मांस अमेरिकेत नेऊ नये. पापड, मसाला, पीठ असं जे खाण्याचं असेल ते विचारल्यावर "आहे" म्हणून सांगावं. सांगितलं तर फार तर तपासतात किंवा काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो.
- पोराचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर इंग्रजीत लिहून पासपोर्टसोबत ठेवावा. मोबाईलची बॅटरी संपते, कागद संपत नाही.

उतरल्यावर चार-पाच दिवस दिवसा झोप आणि रात्री जाग असा प्रकार होतो. शरीराचं घड्याळ अजून देवपूरचंच असतं. दिवसा उन्हात फिरलं आणि रात्रीपर्यंत झोप रोखली की हळूहळू जुळतं.

इतर पल्ले, मुंबईपासून

दुबई सुमारे १,९३० किमी, तीन तासांच्या आसपास, घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सिंगापूर सुमारे ३,९०० किमी, साडेपाच तास, घड्याळ अडीच तास पुढे. लंडन सुमारे ७,२०० किमी, जाताना साडेनऊ-दहा तास, घड्याळ उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे. सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किमी, घड्याळ उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे.

कुठल्याही दोन विमानतळांचा अंदाज काढायचा असेल तर किलोमीटरला ८५० ने भागावं आणि अर्धा तास मिळवावा. अमेरिका-युरोपकडे जाताना आणखी तासभर वाढवावा. उत्तर बऱ्यापैकी जवळ येतं. त्यात घर ते विमानतळ हा आपला आग्रा रोडचा वेळ धरायला मात्र विसरू नये.